थोरलीच्या पोटात काय आहे?

रविवार, जेवण झाल्यावर

तीर्थरूप मामांच्या चरणी जावयाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष आहे, पण ती खाली येईल. बरीच खाली येईल, तरी पत्र मध्येच ठेवून देऊ नये.

तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा आहे असं धरून चालतो, कारण मागच्या पत्रात तुम्ही फक्त उजव्याबद्दल लिहिलं होतं. (ते पत्र अर्थात तुमच्या मुलीला होतं. मला तुमचं शेवटचं पत्र येऊन दोन वर्षं होऊन गेली, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार जावयाने करायची नसते, जावयाबद्दल करायची असते.) मामींचा खोकला थांबला का? नसेल तर त्यांना म्हणावं, रात्री खिडकी लावून घ्या. हे मी अकरा वर्षं सांगतोय आणि त्या अकरा वर्षं खिडकी उघडी ठेवतायत, तेव्हा आणखी एकदा सांगून काही बिघडत नाही.

तुमच्या दोन्ही मुली सुखरूप आहेत. लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात की, जावईबापू, मी तुम्हाला एक नाही, दोन मुली देतोय. थोरली लाकडाची, वयाने नव्हे, आकाराने थोरली, माझ्या हातची, आणि धाकटी तिच्या आईच्या वळणावर गेलेली. थोरलीला उन्हात ठेवू नका आणि धाकटीला उलट बोलू नका. दोन्ही पथ्यं मी जमतील तशी पाळली. धाकटी मजेत आहे. तिचा आवाज मला घरापासून धक्क्यापर्यंत ऐकू येतो, म्हणजे तब्येत उत्तमच म्हणायची. हे पत्र थोरलीबद्दल आहे. थोरली नौदलात गेली.

ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लगेच लिहायला बसलोय. (लगेच म्हणजे चार महिन्यांनी. मध्ये तीनदा बसलो होतो, पण मायन्याच्या पुढे गाडी सरकली नाही.) झालं असं की लढाई सुरू झाल्यावर लोकांची हौस आटली. सुटीच्या दिवशी बोटीत बसून दीपगृहापर्यंत फिरून यायचं, बायकामुलांना लाटा दाखवायच्या, हे कुणाला सुचेना. थोरली धक्क्याला बांधून पडली होती. एका सकाळी नौदलाचा एक माणूस छापील फॉर्म घेऊन आला, थोरलीच्या अंगावर त्याने बोटाने टकटक केलं, आणि विचारलं, लोखंड किती? मी छाती पुढे काढून म्हटलं, इंजिन सोडलं तर एक खिळासुद्धा नाही. सगळे खिळे तांब्याचे, नाहीतर लाकडी खुंट्या. माझ्या सासऱ्यांनी बांधलीय. तो माणूस इतका खूश झाला की मला वाटलं आता मिठी मारतो. त्याने फॉर्मवर 'लोखंड: नाही' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघा मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

बोटीबरोबर माणूस येतो का, असं पुढच्या रकान्यात होतं. म्हटलं, येतो, कारण इंजिन माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. (हे खोटं आहे. माझंही ऐकत नाही. पण थोरलीला परक्या हातात एकटी कशी धाडणार?)

आता तिथे काम काय चालतं ते सांगतो, कारण मामी वाचतील आणि त्यांना वाटेल जावई तोफा डागतोय. शत्रूने आपल्या बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरलेत. त्यातले काही दोराला बांधलेल्या भोपळ्यांसारखे मधल्या पाण्यात असतात. दोन बोटींनी मध्ये एक तार धरून ती ओढत न्यायची, दोर कापला जातो, भोपळा वर येतो, मग लांबून बंदुकीने फोडायचा. दुसरी जात जास्त बेरकी. ती तळाशी मुकाट पडून असते आणि वरून लोखंड गेलं की फुटते. लाकूड गेलं तर ढुंकूनही बघत नाही. म्हणून पोलादी जहाजं बाजूला ठेवून नौदलाला एकदम आपल्यासारख्यांच्या बोटींची आठवण झाली. इंजिनाचं लोखंड असतंच, पण त्याचा बंदोबस्त केलाय. बोटीभोवती विजेच्या जाड तारेचं वेटोळं घालतात, त्यात वीज सोडली की इंजिन सुरुंगाला दिसेनासं होतं. वेटोळं मात्र मोजूनमापून, इंजिनापुरतंच. वर शेरभर लोखंड निघालं तर ते उघडं पडणार.

सरकारी कागदावर या सगळ्याला नुसतं 'समुद्र झाडणे' असं म्हणतात. धाकटीने तो कागद वाचला आणि म्हणाली, अकरा वर्षांत घरात कधी झाडू हातात धरला नाही, आता समुद्र झाडायला निघालेत. मी काही बोललो नाही. (पथ्य.)

थोरलीला त्यांनी ओळखू येणार नाही असं करून टाकलं. बाकं काढली, छत काढलं, अंगाला राखाडी रंग फासला, नावावरून ब्रश फिरवून एकशे सतरा आकडा घातला. मी तिला थोरलीच म्हणतो, आता बाकीचेही म्हणायला लागलेत. आमचे कप्तान लढाईआधी शाळेत भूगोल शिकवायचे. जगात समुद्र कुठे कुठे आहेत ते त्यांना तोंडपाठ आहे, समुद्रावर जाण्याचा योग मात्र आत्ताच आला. दोर सांभाळायला दोन भाऊ आहेत, ते एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे एकाला सांगितलेलं दुसऱ्याला पुन्हा सांगावं लागतं. आचारी आहे, तोच बंदूकही चालवतो. सरावाला त्याला पाण्यात पिंप सोडून दिलं होतं. चाळीस गोळ्या झाडल्यावर कप्तान म्हणाले, पुरे, पिंपाला कंटाळा आला असेल.

आमच्या जोडीला दुसरी बोट होती बेकरीवाल्याची. तीही लाकडी. हा बेकरीवाला गलेलठ्ठ, हसरा माणूस, रोज पहाटे पाव घेऊन यायचा आणि पहिला पाव इंजिनवाल्याला, म्हणजे मला द्यायचा. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी बंदराच्या आतच तार धरून सराव केला. तार कुठे लागली, कशी लागली, देव जाणे, पण मागे वळून पाहिलं तर कोळ्यांच्या अकरा होड्या नांगर सोडून आपल्यामागे चालत येत होत्या. सुरुंग एकही मिळाला नाही, होड्या मात्र अकराच्या अकरा मोकळ्या केल्या. त्या दिवशी कोळ्यांनी जे शब्द वापरले त्यातले काही भूगोलाच्या मास्तरांना नवीन होते. त्यांनी मला बाजूला घेऊन अर्थ विचारले.

पण खरी गंमत लोखंडाची. आमच्याकडे एक तपासनीस आहेत, लढाईआधी घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना सगळे सुईमास्तर म्हणतात, कारण ते पितळेच्या डबीत एक बारीक सुई घेऊन फिरतात. लोखंड जवळ आलं की सुई हलते. त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या बुटांचे खिळे काढायला लावले. मग पट्ट्यांची बकलं गेली. कप्तानांची चष्म्याची डबी गेली. चिनी मातीसारखे दिसणारे आमचे पांढरे मग गेले, कारण आतून ते पत्र्याचे निघाले. आचाऱ्याची कढई गेली. ती त्याच्या आईची होती, त्याने ती गादीखाली लपवली, सुईने ती शोधली, आणि तो गडी तिला किनाऱ्यावर पोचवायला गेला तो डोळे पुसतच परत आला. आता आम्ही रबरी बुटांत, नाडी बांधलेल्या विजारींत, ॲल्युमिनियमच्या पेल्यात चहा पीत युद्ध करतो. कुणी लांबून पाहिलं तर वाटेल, इस्पितळातून पळून आलेत.

एवढं करूनही सुई हलते. इंजिनाचा हिशेब वेगळा काढला तरी हलते. डाव्या अंगाला, इंजिनापासून थोरलीच्या नाकापर्यंतच्या भागात, कुठेतरी. इंजिन शेजारीच असल्यामुळे नेमकं बोट ठेवता येत नाही. पहिला संशय माझ्यावर आला. सुईमास्तरांनी मला डेकवर उभं करून एकेक कपडा उतरवायला लावला. बंदरावर तेव्हा नेमकी बरीच मंडळी होती. शेवटी मी लंगोटीवर उभा, आणि सुई तरीही आपली तिकडेच बघतेय. ते म्हणाले, तुमच्या दातात काही आहे का? म्हटलं, दातात काही असतं तर मी इतका बारीक राहिलो असतो का?

मग त्यांनी विचारलं की बोटीच्या तळाला दुहेरी फळ्या आहेत, त्यांच्या मध्ये काही आहे का? आणि मामा, तुम्हाला सांगायला अभिमान वाटतो, मी तिथे तुमची बाजू सोडली नाही. मी त्यांना बिजागरीची हकिगत सांगितली. दोन वर्षांपूर्वी मी बोटीवरच्या खोलीच्या दाराला एक लोखंडी बिजागरी बसवली (पितळेची मिळत नव्हती, नंतर ती काढून टाकली), तुम्ही ती पाहिलीत, आणि धक्क्यावरच्या सगळ्या माणसांसमोर मला म्हणालात की, माझ्या बोटीत आजवर लोखंडाचा कण गेला नाही, आणि हा शहाणा तिला गंज चढवायला निघालाय. मग न जेवता निघून गेलात. धाकटीने पाच माणसांचा स्वयंपाक केला होता, तो आम्ही दोघांनी दोन दिवस खाल्ला. हे सगळं सांगून मी सुईमास्तरांना म्हटलं, जो माणूस एका बिजागरीसाठी मुलीच्या घरचं अन्न सोडतो तो तळात लोखंड घालेल का? नाचता येईना अंगण वाकडं. तुमची सुई बिघडलीय. सुईमास्तर भला माणूस. त्याने डबीचं झाकण लावलं आणि दुसरी सुई आणायला गेला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगून टाकतो. गेल्या बुधवारी बेकरीवाला परत आला नाही. आम्ही त्याच्या मागे दोनशे हातांवर होतो. त्याच्या बोटीत पिण्याच्या पाण्याची एक जुनी लोखंडी टाकी होती. सुईमास्तरांनी सांगितलं होतं काढा, तो म्हणाला उद्या काढतो, आज पीठ मळून ठेवलंय, घाई आहे. आवाज मोठा झाला नाही, मला वाटलं होतं त्यापेक्षा लहानच झाला. पाणी वर गेलं, खाली आलं, आणि तिथे बोट नव्हती. त्याच्यासकट तिघे गेले. आम्ही खूप वेळ गोल गोल फिरलो. फळ्या मिळाल्या, एक टोपी मिळाली. दोघे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. मला भीती वाटते, मामा. दिवसा कामात वाटत नाही, पण इंजिन बंद केलं की वाटते.

असो. बाकी सर्व क्षेम आहे. येत्या शुक्रवारी सकाळी बाहेरचा मोठा रस्ता झाडायचा आहे. तीन जहाजं जखमींना घेऊन बाहेर ताटकळत उभी आहेत आणि आत यायला दुसरी वाट नाही. त्यामुळे सुई हलली तरी जायचं आणि नाही हलली तरी जायचं, असा हुकूम आहे. थोरलीवर माझा विश्वास आहे. तुम्ही काळजी करू नये, मामींना तर हे पत्र वाचूच देऊ नये. (वर मामी वाचतील म्हणून लिहिलेला भाग तेवढा वाचून दाखवावा.) उत्तराची अपेक्षा नाही. गुडघ्याला शेक देत जावा.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. वर मी सुई बिघडलीय असं लिहिलंय. सुई बिघडलेली नाही. आम्ही तीन वेगवेगळ्या सुया आणून पाहिल्या, तिन्ही एकाच बाजूला मान वळवतात. तीन दिवस आम्ही हाताने, कानाने, टकटक करून शोधतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालंय, फक्त काख कुठली ते कळत नाही. तळाच्या सगळ्या फळ्या उचकटायच्या तर थोरलीला पंधरा दिवस पाण्याबाहेर काढावं लागेल, आणि आपल्याकडे पाच दिवस आहेत. नेमकी जागा कळली तर एक फळी कापून अर्ध्या दिवसात काम होईल. मामा, मी तुमच्या शब्दावर शंका घेत नाही. तुमच्या शब्दाइतकाच मी त्या सुईवरही विश्वास ठेवतोय, एवढंच. आणि दोन्ही एकदम खरे असतील अशी काही वाट मला सापडत नाही.

ता. क. दुसरा. सोबत एक कार्ड जोडलंय. पत्ता घातलेला आहे, तिकीट लावलेलं आहे. मागच्या बाजूला थोरली वरून कशी दिसते त्याचं चित्र काढलंय. (चपलेसारखं दिसतंय, पण टोकाची बाजू म्हणजे नाक.) काही आठवलं, म्हणजे बांधताना एखाद्या कामगाराकडून चुकून काही राहून गेलं असेल, कामगारांचं काही सांगता येत नाही, तर तिथे एक फुली मारा. अक्षर लिहू नका, सही करू नका. जागा मलाच सापडली असं मी सगळ्यांना सांगेन. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मी जन्मभर झाकून ठेवेन. आणि खरोखरच आत काही नसेल तर कार्ड कोरं पाठवा. मी ते खरं मानेन आणि शुक्रवारी शांतपणे जाईन. पण मामा, कार्ड पाठवा. गुरुवारी दुपारच्या टपालाने आलं पाहिजे.

ता. क. तिसरा. यातलं धाकटीला काही माहीत नाही. आम्ही बंदरातला पाण्यावर तरंगणारा केरकचरा गोळा करतो असं तिला सांगितलंय, आणि 'झाडणे' या शब्दामुळे तिला ते पटलंयही. बेकरीवाला गावी गेलाय असं सांगितलंय. तुमच्याकडून काही बोललं जाऊ नये. नौदलाच्या तळावरच्या पेटीत टाकलेली पत्रं तिथला कारकून उघडून वाचतो, म्हणून हे पत्र पेटीत न टाकता तिच्याच हाती टपालात टाकायला देतोय. दुसऱ्याचं पत्र उघडण्याची तिला सवय नाही, हा तुमच्या घरचा एक चांगला संस्कार.

* * *

बाबा,

पाकीट मी वाफेवर उघडलं आणि खळ लावून पुन्हा चिकटवलं. यांना कळणार नाही, यांना कपाटाचं दार उघडं राहिलेलंही कळत नाही.

मला सगळं माहीत आहे. बेकरीवाल्याच्या बायकोकडे रोज दुपारी मीच जाऊन बसते. दुकान बंद आहे, परातीत त्या दिवशीचं पीठ तसंच पडून होतं, ते काल मी टाकून परात घासून ठेवली.

लोखंड कुठे आहे तेही मला माहीत आहे. बोट पहिल्यांदा पाण्यात सोडलीत तेव्हा ती उजवीकडे कलली. दुसऱ्या दिवशी माणसं बघायला यायची होती. तुम्ही जुन्या नांगराचे तुकडे करून आणलेत, आणि डाव्या बाजूला फळ्यांच्या फटीत तुमचा हात जाईना म्हणून माझा घातलात. मी नऊ वर्षांची होते. एकेक तुकडा तुम्ही देत होता आणि मी आत सारत होते. बोट सरळ उभी राहिली. तुम्ही माझे हात साबणाने धुतलेत आणि म्हणालात, हे पोटात ठेव, तुला माझी शपथ आहे.

तेवीस वर्षं ठेवलं. आईला सांगितलं नाही, यांना सांगितलं नाही. बिजागरीवरून तुम्ही यांना धक्क्यावर चारचौघांत बोललात आणि हे खाली मान घालून उभे राहिले, तेव्हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळून मी घरी गेले आणि पानं वाढायला घेतली, आणि तुम्ही जेवलाही नाहीत.

एवढी चांगली बोट दुसऱ्या कुणाला बांधता आली नसती, बाबा. जराशी कलली होती, एवढंच. त्यात लाज कसली?

कार्डावर फुली मारा. यांच्या हाती ते तुमच्याकडून पडलं पाहिजे, माझ्याकडून नाही. कार्ड आलं की बाकीच्यांसारखी मीही तोंडावर हात ठेवून आश्चर्य करीन, आणि तुमची शपथ माझ्यापाशी तशीच राहील. नाही आलं तर मी स्वतः धक्क्यावर जाऊन सगळ्यांसमोर जागा दाखवणार.

गुरुवारी दुपारच्या टपालापर्यंत मी तुमची मुलगी आहे. त्यानंतर यांची बायको.

धाकटी